चार इंच कुठून मोजायचे? दिल्लीतल्या एका हेअरकटचं प्रकरण

दिल्लीच्या आयटीसी मौर्य या पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनमध्ये १२ एप्रिल २०१८ रोजी एक महिला केस कापून घ्यायला गेली. आठवड्यावर मुलाखत आली होती, म्हणून केस नीट करून घ्यायचे होते. तिने सांगितलं ते असं: पुढून आणि मागून चेहरा झाकतील असे लांब फ्लिक्स (चेहऱ्यावर येणाऱ्या बटा), लेअर्स (कमी-जास्त लांबीचे थर), आणि खालून चार इंच सरळ ट्रिम. तासाभरानंतर ती खुर्चीतून उठली तेव्हा, तिच्या तक्रारीनुसार, वरून मोजून चारच इंच केस उरले होते आणि बाकीचे जेमतेम खांद्याला टेकत होते.

या कटवरून राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली आणि देशभर चर्चा झाली ती त्या आकड्याची. एका हेअरकटला दोन कोटी, म्हणून लोक हसले. पण सलूनमध्ये गेल्यावर आपलं बोलणं कुठे आणि कसं हवेत विरतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ प्रकरण दुसरं नाही. एरवी अशा वादात ‘त्या नुसतं थोडेसे कापा म्हणाल्या’ ही सबब तयार असते. इथे आकडा दिला होता, दिशा सांगितली होती, स्टाइलही सांगितली होती. तरीही बिनसलं.

बिघाड कात्रीच्या आधीच सुरू झाला होता

ती या सलूनची नेहमीची ग्राहक. तिचे केस कायम कापणारी हेअरड्रेसर त्या दिवशी नव्हती. जी दिली गेली तिच्या हातच्या कामावर ही ग्राहक आधी नाराज झाली होती, आणि तसं तिने सांगितलंही. मॅनेजरने भरवसा दिला की आता तिचं काम बरंच सुधारलं आहे. त्या शब्दावर ती खुर्चीत बसली.

आमच्या मते पहिली चूक ही, आणि ती मॅनेजरची आहे. ग्राहक ‘या व्यक्तीकडून नको’ म्हणते तेव्हा ती माहिती देत असते: माझं म्हणणं आणि या व्यक्तीचा हात मागे जुळले नव्हते. त्यावर उत्तर दोनच. दुसरी वेळ द्यायची, नाहीतर आज लांबीला हात न लावता फक्त वॉश आणि ब्लो-ड्राय करून द्यायचा. अगदी कापायचंच असेल तर मॅनेजरने दोघींच्या मध्ये उभं राहून सूचना स्वतःच्या तोंडून पुन्हा सांगायची आणि पहिली बट कापून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. याला तीन मिनिटं लागतात. मोठ्या सलूनमध्ये रिसेप्शनवर बोलणारा एक, केस धुणारा दुसरा आणि कापणारा तिसरा. सूचना तीन तोंडांतून जाते आणि शेवटच्या माणसाच्या कानावर ‘चार इंच, लेअर्स’ एवढंच पडतं.

चार इंच काढायचे की ठेवायचे?

‘खालून चार इंच’ म्हणजे चार इंच काढायचे. ‘वरून चार इंच’ म्हणजे चार इंच ठेवायचे. आकडा तोच, पण लांब केसांच्या बाबतीत या दोहोंत फूट-दीड फुटाचा फरक पडतो.

तक्रारीतली दोन वर्णनं, वरून चार इंच आणि खांद्याला टेकणारे, एकत्र वाचली तर काय झालं असावं याचा तांत्रिक अंदाज करता येतो. सगळेच केस चार इंचांचे असते तर ते खांद्यापर्यंत पोचलेच नसते. म्हणजे या दोहोंचा मेळ लेअर्समध्येच बसतो. लेअर कापताना टाळूवरची बट डोक्याशी काटकोनात उचलतात, बोटांत धरतात आणि कापतात. त्या पहिल्या बटेला गाइड म्हणतात. पुढची प्रत्येक बट या गाइडशेजारी धरून त्याच मापाने कापली जाते. गाइड टाळूपासून चार इंचांवर कापली गेली की पुढचे सगळे लेअर्स तिच्यामागून जातात. हात कितीही सफाईदार असला तरी तो चुकीच्याच मापाची सफाईदार नक्कल करत राहतो. म्हणून लेअर्समध्ये बोलायची, दाखवायची, थांबायची वेळ एकच असते: गाइड कापण्याआधी. लांब केसांत लांब लेअर हवे असतील तर सर्वांत आखूड लेअर कुठे यावा हे अंगावरच्या जागेने ठरवतात. हनुवटी, गळ्याचं हाड किंवा छाती. नुसतं ‘लेअर्स’ म्हटलं तर ती जागा कापणारा ठरवतो.

तळाच्या लांबीचंही तसंच. अनुभवी हात मानेजवळची अर्ध्या इंचाची पातळ पट्टी मोकळी सोडतो, वरचे केस क्लिपने बांधतो आणि ती पट्टी आधी कापतो. तीच तळाची गाइड. इथे चूक झाली आणि लक्षात आली, तरी वरचे सगळे केस शाबूत असतात. आखूड झालेली ती पातळ पट्टी वरच्या केसांखाली झाकून जाते आणि काही महिन्यांत मिसळून जाते. सगळे केस मोकळे सोडून एकदम कापायला घेतले तर ही सोय राहत नाही.

मापाच्या बाबतीत मराठी घरांत आणखी एक गोंधळ असतो. आई मुलीला घेऊन जाते आणि सांगते, ‘चार बोटं काप.’ चार बोटं आडवी धरली तर माप भरतं साधारण तीन इंच. कापणारा चार इंच समजतो. बोटाचं एक पेर धरलं तर ते इंचाच्या आसपास जातं, पण तेही कुणाच्या बोटाचं, यावर आहे. शिवाय मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ सलूनमध्ये ग्राहक मराठीमिश्रित हिंदीत बोलते आणि कापणारा उत्तर प्रदेशातला किंवा ईशान्येकडचा असतो. दोघंही परक्या भाषेत माप ठरवत असतात.

पुरुषांच्या कटिंगमध्ये हाच घोळ मशीनच्या नंबरात होतो. व्यावसायिक क्लिपरवर दोन नंबरची कंगवी म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, चार नंबरची म्हणजे साधारण १३. घरगुती ट्रिमरवर मात्र बहुतेक वेळा आकडा थेट मिलिमीटरचा असतो. घरी ट्रिमरवर ६ लावणारा सलूनमध्ये ‘सहा नंबर’ म्हणाला तर केस तिप्पट लांब राहतील, आणि सलूनमधला ‘दोन नंबर’ घरच्या ट्रिमरवर लावला तर डोकं जवळजवळ साफ. ‘दादा, बाजूला दोन नंबर’ म्हणण्याऐवजी मशीन कानामागे, केसांनी झाकल्या जाणाऱ्या जागी एकदा फिरवून दाखवायला सांगावं.

चष्मा काढलेला, मान खाली

या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला ही वाटते, आणि बातम्यांमध्ये तिला एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळाली नाही. तिला जास्त नंबरचा चष्मा होता. कापताना तो काढलेला होता आणि मान सतत खाली ठेवायला सांगितलं होतं. समोर आरसा होता, पण तिच्या उपयोगाचा नव्हता. वेळ फार लागतोय म्हणून तिने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की ‘लंडन हेअरकट’ चालू आहे.

त्या उत्तराकडे नीट पाहा. तिने लांब फ्लिक्स आणि चार इंच ट्रिम मागितली होती. खुर्चीत तासभर गेल्यावर तिला कळतं की एक वेगळंच नाव असलेला कट चालू आहे. विचारल्यावर कात्री थांबायला हवी होती, चष्मा हातात द्यायला हवा होता आणि आतापर्यंत किती कापलं हे आरशात दाखवायला हवं होतं. साधी खालची ट्रिम, धुणं-सुकवणं सोडून, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे; लेअर्ससकट पाऊण तास. त्याहून जास्त वेळ लागला तर मूळ मागणीपेक्षा जास्त काहीतरी चालू असल्याची शक्यता धरावी.

चष्मेवाल्यांनी सांगून ठेवावं: बोलताना चष्मा डोळ्यांवर, कापताना हातात, आणि तीन वेळा थांबायचं. तळाची पहिली पट्टी कापल्यावर, पहिला लेअर कापण्याआधी आणि पुढच्या बटांना हात लावण्याआधी. मान खाली असताना मागच्या केसांची रेघ दिसते तशी ती मान सरळ केल्यावर राहत नाही, म्हणून कापणाऱ्यालाही मान वर करून तपासणं भाग आहे. थांबणं त्याच्याही कामाचं आहे.

ओले केस

बहुतेक सलूनमध्ये केस धुऊन ओले असतानाच कापतात. ओला केस ताणला जातो. कंगव्याने खाली ओढून बोटांत घट्ट धरला की आणखी लांब दिसतो. सुकल्यावर तो वर चढतो. सरळ केसांत हा फरक नगण्य, लाटदार केसांत इंच-दीड इंच, आणि कुरळ्या केसांत तीन-चार इंचही. कुरळ्या केसांची मुलगी ‘दोन इंच’ म्हणते ते सुकलेल्या केसांवर बोट ठेवून. कापणारा दोन इंच मोजतो ते ओल्या, ताणलेल्या केसांवर. दोघंही प्रामाणिक, आणि घरी गेल्यावर केस पाच इंच वर.

उपाय सोपा आहे आणि फारच कमी ठिकाणी केला जातो. माप सुकलेल्या केसांवर ठरवायचं आणि तिथे क्लिप लावायची. ओल्यावर मागितल्याच्या निम्मं कापायचं, सुकवायचं, बघायचं आणि उरलेलं सुक्यावर कापायचं. यात पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत सलूनला तीच परवडत नाहीत. म्हणून लांबी राखायची असेल तर मधल्या वाराची सकाळ गाठावी. वेण्या, आंबाडा, पोनीटेल सोडून, केस रोज जसे ठेवता तसे मोकळे ठेवून जावं. तेल लावून गेलं तर केसांचा मूळ पोत कापणाऱ्याला दिसतच नाही.

सांगायचं कसं

आकडा सांगायचाच असेल तर त्याच्यासोबत तीन गोष्टी हव्यात: काय जाणार, काय उरणार आणि उरलेलं अंगावर कुठे येणार. ‘खालून दोन इंच काढा, सुकल्यावर केस खांद्याच्या पात्याखाली आले पाहिजेत, सगळ्यात आखूड बट गळ्याच्या हाडाच्या वर नको.’ हे बोलताना प्रत्येक जागी स्वतःचं बोट ठेवायचं. मग कापणाऱ्याला म्हणायचं, ‘तुम्ही काय करणार ते एकदा सांगा आणि कंगव्याने दाखवा.’ कटिंगचा कंगवा साधारण सात इंचांचा असतो; पाठीवर आडवा धरला की रेघ लगेच कळते. इथेच ऐकणारा आणि न ऐकणारा वेगळे पडतात. ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ, मस्त करतो’ हे उत्तर नाही. ते आलं तर प्रश्न पुन्हा विचारावा, आणि दुसऱ्यांदाही तेच आलं तर केप काढून उठावं. केस धुतले असतील तर त्याचे पैसे द्यावेत. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

फोटो न्यावा, पण आपल्यासारख्या पोताच्या आणि दाटीच्या केसांचा. सर्वांत उपयोगी फोटो म्हणजे आपल्याच जुन्या, आवडलेल्या कटचा, पाठीमागून काढलेला. शिवाय काय नको याचाही एक फोटो ठेवावा. मागच्या केसांच्या तळाचा आकार ‘यू’ हवा की ‘व्ही’, यांतला फरक सांगण्यापेक्षा पाठीवर बोटाने रेघ ओढून दाखवणं केव्हाही बरं.

कापणाऱ्यांची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. टोकं दोन-तीन इंच फाटलेली असतील तर ‘लांबी अजिबात नको जायला’ आणि ‘केस दाट दिसायला हवेत’ या दोन्ही मागण्या एकत्र पुऱ्या होत नाहीत. पण हे कापण्याआधी बोलायचं असतं. ‘एवढा भाग खराब आहे, काढला तर इथे येईल, ठेवला तर असा दिसेल, काय करू?’ ग्राहक ‘ठेवा’ म्हणाली तर ठेवायचा. केस तिचे आहेत.

दुरुस्तीने प्रकरण आणखी चिघळलं

तक्रार केल्यावर सलूनने त्या कटचे पैसे घेतले नाहीत. पुढे केसांसाठी मोफत ट्रीटमेंट देऊ केली आणि ती ३ मे २०१८ रोजी झाली. तक्रारीनुसार त्यात अमोनिया प्रमाणाबाहेर वापरला गेला, टाळू भाजली, जळजळ झाली आणि केस कडक, खरखरीत झाले.

कापलेले केस कोणत्याही ट्रीटमेंटने लांब होत नाहीत. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे वर्षाला सहा. बारा इंच गेले तर दोन वर्षं, मधे ट्रिम न करता. नाराज ग्राहकाला रसायन देऊ करणं म्हणजे तिच्या तक्रारीचं उत्तर न देता भलतंच काहीतरी करणं. अमोनिया केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण फुगवून उघडतो, म्हणजे रसायन आत जातं. प्रमाण किंवा वेळ वाढला की ते आवरण नीट मिटत नाही आणि केस हाताला खरखरीत लागतो. टाळूला लागलं तर भाजतं. म्हणून अमोनिया असलेलं क्रीम मुळापासून सेंटिमीटरभर दूर ठेवतात आणि आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास वाट बघतात. कट आणि ट्रीटमेंट यांच्यात तीन आठवडे होते. दोन दिवसांच्या चाचणीला तेवढा वेळ पुरून उरतो. कुणालाही, कुठेही अशी जळजळ सुरू झाली तर ‘थोडं सहन करा, असंच होतं’ ऐकून बसू नये. लगेच साध्या गार पाण्याने भरपूर धुवायला सांगावं. फोड आले किंवा जळजळ थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि तो कागद जपून ठेवावा.

बिघडलेल्या कटवर त्याच दिवशी एकच गोष्ट करावी: तळाची रेघ वाकडी असेल तर ती सरळ करून घेणं, तीही दुसऱ्या हातून. बाकी सगळं दोन आठवड्यांनी. केस दोन-चार वेळा धुतल्यावरच कट खरा कसा बसलाय ते कळतं.

आयोगात काय टिकलं, काय अडखळलं

तिने राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार केली. केसांच्या उत्पादनांसाठी मॉडेलिंग केल्याचं, कामं हातची गेल्याचं आणि मानसिक धक्का बसल्याचं तिचं म्हणणं होतं. पैसे घेतलेच नाहीत, म्हणून ती ग्राहक ठरत नाही, असा मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला गेला. तो चालला नाही. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण तिच्या कामी आलं: त्यात चूक मान्य केलेली दिसते आणि मोफत ट्रीटमेंट देऊन ती झाकायचा प्रयत्न दिसतो, असं आयोगाने धरलं. २१ सप्टेंबर २०२१ रोजी दोन कोटी मंजूर झाले.

हॉटेल सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात न्यायालयाने सेवेतल्या त्रुटीच्या निष्कर्षाला हात लावला नाही, पण रक्कम रद्द केली. दोन कोटी हा आकडा कशाच्या आधारावर काढला, याचा पुरावा आदेशात दिसत नाही आणि रक्कम प्रमाणाबाहेर आहे, असं त्यात म्हटलं. आधीची मॉडेलिंगची कामं, पगार, पुढे मिळणार असलेले करार यांची कागदपत्रं लागतात. प्रकरण रकमेपुरतं आयोगाकडे परत गेलं. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने व्याजासह पुन्हा दोन कोटीच दिले, हॉटेल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

म्हणजे ‘माझं ऐकलं नाही’ हे सिद्ध करणं आणि ‘त्यामुळे माझं इतकं नुकसान झालं’ हे सिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी लागतं ते असं: कटच्या आधीचा आणि नंतरचा तारखेसह फोटो, समोरून, बाजूने आणि मागून, जमल्यास शेजारी टेप धरून, बिल किंवा यूपीआयची नोंद, अपॉइंटमेंटचा मेसेज, आणि घरी आल्याबरोबर सलूनला पाठवलेला लेखी मेसेज, ‘मी खालून अमुक इंच सांगितले होते, तुम्ही तमुक कापले.’ फोनवर भांडून काही उरत नाही. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा अशी लेखी मागणी पहिल्याच दिवशी करावी. दुसऱ्यासाठी दुरुस्तीचा, डॉक्टरांचा खर्च, बुडालेल्या कामाचा करार किंवा ईमेल.

कायदाही मधल्या काळात बदलला. ही तक्रार झाली तेव्हा १९८६ चा कायदा लागू होता. त्यात मागितलेली भरपाई धरून कोणत्या आयोगात जायचं ते ठरे, म्हणून कोटींची मागणी थेट दिल्लीत राष्ट्रीय आयोगापुढे गेली. २०१९ च्या कायद्यात सेवेपोटी दिलेली रक्कम बघतात. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. म्हणजे आज हजार-दोन हजारांच्या कटची तक्रार ग्राहक राहते त्या जिल्ह्यातच करता येते, भरपाई कितीही मागितली तरी. मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पैसे परत मिळण्याइतकीच अपेक्षा असेल तर प्रकरण तिथेच मिटू शकतं.